लोकांच्या हातात द्यायचा सिम्युलेटर

बऱ्याच जणांनी विचारलं की शनिवारी तू त्या विमानांच्या म्युझियममध्ये जाऊन नक्की करतेस काय. फोटो बघून वाटतं की नुसती विमानात बसून मजा चाललीय. मजा आहेच, पण बराचसा वेळ मी सीटच्या मागे उताणी पडून, तोंडात टॉर्च धरून वायरी शोधत असते, कारण तिथे आम्ही सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरच बसून विमान उडवल्याचा अनुभव देणारं यंत्र, बांधलंय आणि सांभाळतो, तर ते काम काय आहे आणि मला ते एवढं महत्त्वाचं का वाटतं हे एकदा नीट लिहून टाकते. लांबलचक होणारे, आधीच सांगते.

इंग्लंडमध्ये मिडलँड्स भागात एका जुन्या एअरफिल्डवर छोटंसं म्युझियम आहे, जवळजवळ सगळं व्हॉलंटिअर चालवतात, रिटायर झालेले फिटर, शाळेतले मास्तर, एक-दोन माजी पायलट, आणि मी. मी मूळची ओझरची. नाशिकजवळ १९६४ मध्ये एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आला तो मिग-२१ लढाऊ विमानं बांधायला, आणि आमच्या अख्ख्या कॉलनीचं घर त्याच्यावर चाललं, आमचे पप्पा पण तिथेच होते. विमानं डोक्यावरून जाताना भरपूर बघितली, आवाज तर इतके ऐकले की शाळेत बाई शिकवता शिकवता मधे थांबायच्या आणि विमान गेलं की पुढे सुरू करायच्या. पण आत बसायला कधी मिळालं नाही, मिळणारही नव्हतं, संरक्षण खात्याची गोष्ट ती. म्हणून इथे पहिल्यांदा एका म्युझियमवाल्या आजोबांनी 'ये, बस आत, सगळ्याला हात लाव' म्हटलं तेव्हा मला काय वाटलं असेल ते ओझरची माणसं बरोबर ओळखतील.

आमचा सिम्युलेटर म्हणजे जेट प्रोव्होस्ट नावाच्या ट्रेनर विमानाचा खराखुरा पुढचा भाग आहे. भंगारात निघालेलं विमान, पंख शेपूट काही नाही, फक्त कॉकपिट. जेट प्रोव्होस्ट १९५४ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि १९९३ पर्यंत इथल्या एअर फोर्सच्या पोरांनी त्याच्यावर उडायला शिकलं. फायटर का नाही घेतलं असं लोक विचारतात, तर कारण एकदम साधं आहे, याच्यात दोन सीट शेजारी शेजारी आहेत. पायलट डावीकडे, मास्तर उजवीकडे. लोकांसाठी सिम्युलेटर करायचा तर हे सोन्यासारखं आहे, कारण आलेला माणूस कधीच विमानात पुढे बसलेला नसतो, त्याच्या शेजारी कोणीतरी बसून 'हं, आता हळूच मागे ओढा' असं सांगणारं लागतंच. एका सीटच्या फायटरमध्ये तुम्ही बाहेर शिडीवर उभे राहून ओरडून सांगता आणि आतला माणूस घाबरून काहीतरी तिसरंच करतो.

आपल्याकडचं किरण विमान आठवतंय का? एचएएलनेच केलेलं, तेही १९६४ मध्येच पहिल्यांदा उडालं. मांडणी अशीच, शेजारी शेजारी सीट, आणि सुरुवातीच्या किरणमध्ये इंजिनसुद्धा वायपर नावाचंच, जेट प्रोव्होस्टमध्ये होतं तेच कुटुंब. एअर फोर्सची कसरती करणारी सूर्यकिरण टीम आता हॉक विमानं उडवते पण १९९६ ला टीम सुरू झाली ती किरणवरच. हे मुद्दाम सांगून ठेवते, पुढे यावर येणार आहे.

आता सिम्युलेटर म्हटलं की लोकांना वाटतं ही कॉम्प्युटरच्या जमान्यातली गोष्ट आहे आणि ती आधी पायलट लोकांसाठी होती, मग कधीतरी पब्लिकला मिळाली. उलटं आहे! न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन नावाचं गाव आहे, तिथे एडविन लिंक नावाच्या माणसाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. आपल्या पायपेटीला हवा देणारा भाता असतो ना, तसलेच भाते वापरून याने छोटं खोटं विमान बनवलं, स्टिक, म्हणजे विमान वळवायची दांडी, हलवली की भात्यात हवा जायची किंवा निघायची आणि ते डबडं डावीकडे उजवीकडे कलायचं. १९२९ मध्ये पेटंटचा अर्ज केला, त्याच्यात स्वच्छ लिहिलेलं की हे शिकाऊ वैमानिकांसाठी आहे आणि करमणुकीसाठीही आहे. लष्कराने आधी ढुंकून पाहिलं नाही, पहिली गिऱ्हाइकं मिळाली ती जत्रा-पार्कवाली, लोक पैसे देऊन बसायचे. मग १९३४ मध्ये अमेरिकेत हवाई टपाल न्यायचं काम लष्कराकडे आलं, खराब हवेत नुसत्या डायलवर बघून उडवायची सवय नाही म्हणून बरेच पायलट गेले, तेव्हा धावत येऊन सहा मशीन घेतली. दुसऱ्या महायुद्धात तर पाच लाखांवर वैमानिक त्या निळ्या डब्यात बसून शिकले. म्हणजे जत्रेतला माणूस लष्करी पायलटच्या आधी या सिम्युलेटरमध्ये बसलाय. हे मला फार आवडतं, आणि जेव्हा कोणी म्हणतं की पब्लिकसाठी काय, कसंही चालतं, तेव्हा मी हीच गोष्ट सांगते.

बांधकामाकडे येते. कॉकपिट आलं तेव्हा पहिल्या दिवशी आम्ही काय केलं तर काहीच उघडलं नाही. जुन्या ब्रिटिश डायलवर काटे आणि आकडे रात्री चमकावेत म्हणून किरणोत्सर्गी रेडियमचा रंग लावलेला असतो. आता तो चमकत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं संपला. चमकणारा पदार्थ मेलेला असतो, रेडियम तसंच्या तसं असतं, त्याचं अर्धं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. काच बंद आहे तोवर ठीक, पण काच फुटली किंवा कोणी स्क्रू काढून आत हात घातला की ती भुकटी बाहेर येते आणि ती नाकातोंडात जाणं वाईट. त्यामुळे किरणोत्सर्ग मोजायचं मीटर आणून एकेक डायल तपासली, ज्यांच्यात निघालं ती काढून नियमाप्रमाणे वेगळी ठेवली, आणि लोकांच्या समोर जे पॅनल आहे त्याच्यात सगळ्या नव्या डायल आहेत, मूळ चेहऱ्याचा फोटो काढून छापलेल्या. इकडे तिकडे जुनी विमानं उघडून बघणारी जी उत्साही मंडळी आहेत त्यांना हात जोडून सांगणं आहे, आधी मीटर.

दुसरी गोष्ट इजेक्शन सीट, म्हणजे संकटात पायलटला सीटसकट विमानाबाहेर फेकणारी. मार्टिन-बेकरची सीट आहे, खाली स्फोटाची काडतुसं असतात ती. ती काढलीत, सीट निकामी केलीय असा कागद असल्याशिवाय आम्ही कॉकपिट गेटच्या आत घेतच नाही. आणि तरीसुद्धा ती काळी-पिवळी पट्ट्यांची हँडल बोल्ट मारून पक्की केलीत, कारण आत बसलेलं प्रत्येक पोरगं, अगदी प्रत्येक, सगळ्यात आधी तेच ओढतं.

नव्या डायलमध्ये काटे फिरवायला आम्ही गाडीच्या डॅशबोर्डमध्ये असते ती बारकी स्टेपर मोटर वापरली, स्पीडच्या डायलला ती छान बसते. पण ती ३१५ अंशच फिरते, पूर्ण गोल नाही. उंचीच्या डायलचा काटा तर गोल गोल फिरतच राहतो, म्हणून तिथे मागे छोटा स्क्रीन लावून पुढे पत्र्याची गोल चौकट ठेवली. जवळून बघितलं तर कळतं. पण उडवताना कोणी बघत नाही, खरंच नाही बघत, आणि हा धडा मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला, की माणसाचे डोळे पटकन फसतात, हात फसत नाही.

म्हणून सगळा जीव स्टिकवर लावला.

खऱ्या जेट प्रोव्होस्टमध्ये स्टिकपासून पंखाच्या पट्ट्यांपर्यंत दांडे आणि केबल थेट गेलेल्या असतात, मधे हायड्रॉलिकची मदत नाही, म्हणजे वेग वाढला की स्टिक जड लागते. दोन्ही सीटच्या स्टिक खाली एकमेकींना जोडलेल्या आहेत, मास्तरने हलवली की शिकणाऱ्याची हलते. आम्ही ते मूळचे दांडे तसेच ठेवले, सीटच्या मागे जिथे ते पुढे शेपटीकडे जायचे तिथे कापून स्प्रिंग आणि एक डँपर, म्हणजे झटके शोषणारा भाग, जोडला. त्यामुळे हातात जे लागतं ते खरं लोखंड आणि खरं बेअरिंग लागतं, प्लॅस्टिकचं खेळणं लागत नाही. स्टिकची हालचाल कॉम्प्युटरला सांगायला सुरुवातीला साधे पोटेन्शिओमीटर होते, पॉट म्हणतो आम्ही. पॉटमध्ये कार्बनच्या पट्टीवर एक काटा घासत असतो. आणि स्टिक सगळ्यात जास्त वेळ कुठे असते, तर मधोमध. म्हणजे पट्टी मधोमध झिजते, आणि नेमकं सरळ उडताना विमान थरथरायला लागतं. मग चुंबकाचे सेन्सर लावले. दांड्याच्या टोकाला बारीक चुंबक, त्याच्यासमोर काही मिलिमीटरवर चिप, दोघांचा स्पर्शच नाही त्यामुळे झिजायला काही नाही, आणि पूर्ण फेरीचे ४०९६ भाग मोजतो तो. साध्या आर्डुइनोवर, म्हणजे छोट्या कंट्रोलर बोर्डवर, पॉट वाचला तर १०२४च भाग मिळतात. हा फरक कागदावर छोटा दिसतो, हाताला मोठा लागतो, लँडिंगच्या वेळी तर एकदम जाणवतो, स्टिक केसभर मागे घ्यायची असते तिथे.

आणि स्टॉपर. स्टिक जिथे थांबायची तिथे ती स्टीलच्या ठोकळ्यावर थांबली पाहिजे, तो ठोकळा विमानाच्या फ्रेमला बोल्टने बसलेला पाहिजे. घरी केलेल्या सिम्युलेटरमध्ये हे कोणी करत नाही कारण घरी मालकच उडवतो आणि तो जपून उडवतो. इथे दिवसभरात पाच वर्षांचं पोरगं येतं तसा रग्बी खेळणारा सहा फुटी बाप्या पण येतो, त्याला स्क्रीनवर जमीन जवळ दिसली की तो दोन्ही हातांनी, पाय पुढे रोवून, अख्ख्या अंगाने स्टिक मागे खेचतो. तो जोर सेन्सरच्या ब्रॅकेटवर गेला तर संपलं. जोर कुठून कुठे जातो हे आधी कागदावर काढायचं आणि मगच ड्रिल हातात घ्यायचं. तसंच पायाखालच्या डाव्या पेडलचं. डावं पेडल सारखं का वाकतंय हे आम्हाला बरेच दिवस कळत नव्हतं, मग एकदा नुसतं बाजूला उभं राहून बघितलं तर पोरं आत उतरताना त्याच्यावरच पाय ठेवून उतरतात. आत एक पायरी लावली, प्रश्न संपला.

हलणारा प्लॅटफॉर्म का नाही केला हे पण सारखं विचारतात. मला सरळ वाटतं की छोट्या म्युझियमने त्याच्या वाटेला जाऊ नये. आत बोटं अडकू नयेत म्हणून जाळ्या, इमर्जन्सी बटणं, इन्शुरन्स, आणि एवढं करून तो बिघडला की अख्खा सिम्युलेटर बंद. सरेमध्ये ब्रुकलंड्स म्युझियममध्ये कॉनकॉर्ड या आवाजापेक्षा वेगवान प्रवासी विमानाचा सिम्युलेटर आहे, ज्याच्यात खऱ्या कॉनकॉर्डच्या वैमानिकांनी ट्रेनिंग घेतलं तोच, तोसुद्धा आता जागेवर स्थिर आहे आणि लोक भारावून बाहेर येतात. समोर मोठं चित्र नीट कललं की पोटात आपोआप गोळा येतो. तेच चित्र चुकीचं असेल तर मात्र उलटी येते. सीटपासून स्क्रीनचं अंतर आणि चित्रातला कोन जुळला पाहिजे, आणि स्टिक हलवल्यापासून चित्र हलेपर्यंत उशीर नको. सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशीर झाला तरी हात गोंधळतो, विमान कललं नाही म्हणून माणूस अजून ढकलतो, मग एकदम जास्त कलतं म्हणून उलटं ढकलतो, आणि डुलत डुलत जमिनीवर. त्याला वाटतं आपल्याला जमत नाही. दोष आपल्या मशीनचा आणि तो बिचारा खजील होऊन उतरतो, हे मला अजिबात सहन होत नाही.

सॉफ्टवेअर एक्स-प्लेन नावाचं आहे, विमान आणि बाहेरचं चित्र तेच चालवतं. एक गोष्ट इथे सांगते जी बरेच लोक सोडून देतात, दुकानातून घेतलेली घरगुती कॉपी तिकीट लावून लोकांना दाखवायची परवानगी नसते, त्याच्यासाठी वेगळं लायसन्स घ्यावं लागतं. पैसे जातात, पण म्युझियमच्या नावावर असलेली गोष्ट स्वच्छ पाहिजे.

फ्लाइट कशी द्यायची याच्यावर आमच्यात खूप वाद झाले. जुने पायलट म्हणायचे सगळं चेकलिस्टप्रमाणे, इंजिन सुरू करण्यापासून. सात-आठ मिनिटांत काय होणार त्याच्यात, माणूस नुसते स्विच दाबून बाहेर. आता आम्ही थेट हवेत सुरू करतो, विमान सरळ चाललेलं, दोन हजार फुटांवर, आणि मास्तरच्या सीटवरचा माणूस पहिलं वाक्य बोलतो ते म्हणजे 'स्टिक सोडून द्या'. विमान आपलं आपण सरळ जात राहतं. तिथेच अर्धी भीती जाते. मग डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, थोडी नदी थोडं गाव, आणि मग रनवेसमोर. रनवेच्या बाजूला चार दिवे, दोन पांढरे दोन लाल दिसले की बरोबर उतरताय, चारही लाल झाले तर खूप खाली. जेट प्रोव्होस्टच्या सुरुवातीच्या काळात असले दिवे नव्हते, आमच्यातल्या काहींना ते खटकतं, मला नाही खटकत, कारण दहा वर्षांच्या पोरीला 'दोन आणि दोन' एवढं सांगितलं की ती स्वतः उतरवते. उतरल्यावर तिचं तोंड बघायचं असतं!

आमच्या इथे आपली माणसं पण येतात, उन्हाळ्यात तर मुलांकडे आलेले आईवडील असतातच. मागच्या उन्हाळ्यात एक कुटुंब आलं, बरोबर आजी, साडीवर स्वेटर आणि पायात स्पोर्ट्स शूज. मराठी ऐकून मी पुढे गेले. नातू बसून आला, सून बसून आली, आजी बाजूच्या बाकावर पर्स धरून.

"आजी, तुम्ही बसता का?"

"मी? अगं बाई, मला कुठं जमतंय. पोरांचं काम ते."

"मी शेजारी बसते ना तुमच्या. कुठल्या तुम्ही?"

"निफाडच्या."

निफाड म्हटल्यावर मी काय सोडते! आमच्या मेनूत मी ओझर घालून ठेवलंय. आजींना पायरीवरून, नातवाने एका हाताला आणि मी एका हाताला धरून आत बसवलं, पदर खोचून घेतला, पाय पेडलवर. ओझरच्या रनवेच्या वर सुरू केलं. बराच वेळ त्या नुसत्या बघत होत्या, मग म्हणाल्या, "यात गोदावरी दिसती का गं?" एक्स-प्लेनच्या नकाशात नद्या खऱ्या जागेवर असतात, म्हटलं दिसेल की, चला. पूर्वेकडे तोंड होतं, उजवीकडे वळायला सांगितलं, आणि त्यांनी वळवलं ते इतकं सुरेख वळवलं, कारण त्यांनी स्टिक दोन बोटांत धरली होती. ताकदवान माणसं मूठ आवळतात. आजींनी बोटांनी धरली आणि विमान जराही न डुलता कललं, आमचे माजी पायलट आजोबा मागून बघत होते ते म्हणाले की हे असं धरायला आम्ही पोरांना आठवडे आठवडे शिकवायचो.

ओझरपासून नांदूर-मध्यमेश्वर हवेतून फार लांब नाही, पाच-एक मिनिटांत धरणाचं पाणी समोर आलं. आजी म्हणाल्या, "आमचा मळा इथंच, या अंगाला." मग गप्प. आणि मग, "फिरव अजून एकदा, उतरवायचं नातू बघंल." मी वेळ वाढवून दिला, बाहेर रांग होती तरी दिला, रांगेतल्या कोणीही तक्रार केली नाही.

तर आता खरं काम, म्हणजे सांभाळणं. सिम्युलेटर उभा करायला पैसे मिळतात, ग्रँट मिळते, उद्घाटनाला फोटो निघतात. सांभाळायला कोणी देत नाही, कारण 'आम्ही सेन्सर बदलला' याचा फोटो कोण काढणार. पण लोकांसाठीचा सिम्युलेटर जिवंत राहतो तो सांभाळण्यावरच. मी पंधरा वर्षं फॅक्टरीतल्या मशीनच्या कंट्रोल पॅनलवर काम करतेय आणि तिथला नियमच इथे आणलाय, जी गोष्ट लोक हाताळतात ती बिघडणारच, प्रश्न एवढाच की ती किती मिनिटांत बदलता येते. त्यामुळे सोल्डर केलेली जोडणी लोकांच्या बाजूला एकही नाही, सगळं कनेक्टरवर. प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना नंबर. प्रत्येक सेन्सर घेताना दोन जास्तीचे घेऊन डब्यात, कारण काही वर्षांनी तोच भाग बाजारात नसतो आणि मग एका चिपसाठी ब्रॅकेटपासून सगळं नवीन करावं लागतं.

शुक्रवारी संध्याकाळी आमचा ठरलेला कार्यक्रम असतो. स्टिक चारही बाजूंना टोकापर्यंत, आकडे बरोबर येतात का. पेडल. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा. मग सगळे स्विच. बोल्टांवर रंगाची रेघ मारून ठेवलीय, रेघ तुटलेली दिसली म्हणजे बोल्ट सैल झालाय, पाना लावून बघायला नको. मग साफसफाई, आणि इथे एक कळकळीची सूचना. कॅनपीची, म्हणजे कॉकपिटवरच्या झाकणाची काच म्हणजे काच नसते, ॲक्रिलिक असतं. त्याला सॅनिटायझर किंवा अल्कोहोलचे पुसणे लावले की आत बारीक बारीक चिरा पडत जातात, आधी दिसत नाहीत, काही महिन्यांनी अख्खी काच धुकट. कोरोनाच्या काळात कितीतरी ठिकाणी चांगल्या भावनेने हे झालं. साबणाचं सौम्य पाणी आणि मऊ कापड, बस. स्टिकची मूठ मात्र रोज पुसायची, ती आम्ही अशा मटेरियलची केलीय की तिला काही होत नाही.

हँगरला, म्हणजे विमानं ठेवायच्या मोठ्या शेडला, हीटर नाही. हिवाळ्यात सकाळी दारं उघडली की गार झालेल्या सगळ्या धातूवर दव धरतं, प्रोजेक्टरच्या आत सुद्धा. त्यामुळे कॉम्प्युटरचं कपाट रात्री पण थोडं गरम ठेवतो, छोटा बल्बाएवढा हीटर आत. कॉम्प्युटरला इंटरनेट दिलेलंच नाही, दिलं तर भर शनिवारी दुपारी रांग लागलेली असताना तो अपडेट घेत बसतो. आणि संध्याकाळी बंद करणारा माणूस मेन स्विच खाली ओढून घरी जातो, त्याला दोष देता येत नाही कारण हँगरमधलं सगळं तो तसंच बंद करतो, म्हणून मधे यूपीएस आहे, लाइट गेली की कॉम्प्युटर स्वतः नीट बंद होतो आणि सकाळी स्विच वर केला की कोणी काही न करता थेट तयार स्क्रीनवर येतो. सत्तरीच्या व्हॉलंटिअरला पासवर्ड, माऊस, आयकॉन यात अडकवायचं नाही. त्याच्याकडे फक्त तीन बटणं आहेत, परत सुरू करा, रनवेसमोर न्या, थांबवा.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाची आहे ती वही. साधी जाड वही, दोरीने बांधलेली. काय बिघडलं, कधी, कोणी बघितलं, काय केलं. 'उजवीकडे वळताना कट्कन आवाज' एवढं जरी कोणी लिहिलं तरी पुढच्या वेळी मला काम सोपं होतं. आणि कधीतरी मी इथून जाईन, नोकरी बदलेल, गाव बदलेल. माझ्या डोक्यात असलेली वायरिंग म्युझियमच्या काय कामाची? वहीत असली तर कामाची. चांगले चांगले सिम्युलेटर बंद पडलेले मी बघितलेत ते भाग मिळाले नाहीत म्हणून नाही पडले, तर बांधणारा माणूस गेला आणि मागे कागद नव्हता म्हणून पडले.

आपल्याकडे एका ठिकाणी, नाव घेत नाही, असाच एक सिम्युलेटर बघितला होता, वर कापड टाकलेलं आणि 'बंद आहे' ची पाटी. पाटीसुद्धा जुनी झाली होती. बाहेर शाळेची सहल, पोरं कापड उचलून उचलून आत बघतायत. मला ते बघवलं नाही. असं नाही की आपल्याकडे काही नाही, चंदीगडला २०२३ मध्ये एअर फोर्सचं हेरिटेज सेंटर उघडलं तिथे सिम्युलेटर ठेवलेत, बंगळुरूला एचएएलचं म्युझियम आहे, आणि गोव्याला बोगमाळोजवळ नौदलाचं विमान म्युझियम १९९८ पासून आहे, समुद्राच्या खाऱ्या हवेत सुपर कॉन्स्टेलेशनसारखं अजस्र विमान जपणं खायचं काम नाही. पण ज्या महाराष्ट्रात मिग-२१ बांधलं गेलं तिथल्या पोरांना ओळखीचं विमान म्हणजे चौकातल्या चबुतऱ्यावरचं, उन्हापावसात रंग उडालेलं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, पप्पांनी टीव्हीवर पूर्ण कार्यक्रम बघितला आणि मला फोन करून कारखान्यातल्या त्यांच्या विभागातल्या एकेकाची नावं सांगत बसले. अशी आणखी किती विमानं चौकात जातील. एखाद्याचं नुसतं कॉकपिट, पुढचे काही फूट, आत आणून छपराखाली ठेवलं आणि पोरांना स्टिक धरू दिली तर? आणि माझं मत विचाराल तर मिगच्याही आधी किरण घ्यावं, दोन सीट शेजारी शेजारी आहेत म्हणून. परवानग्या लागतील, सीट निकामी केल्याचा कागद लागेल, डायल तपासाव्या लागतील, हे सगळं आहे. पण बाकी जे लागतं ते आपल्या आयटीआयमध्ये आणि पॉलिटेक्निकमध्ये शिकवतात. टर्नर, फिटर, इन्स्ट्रुमेंटवाला, इलेक्ट्रॉनिक्सची दोन पोरं. मोटरसायकलचं गॅरेज चालवणारा माणूस आमच्या स्टिकचं बेअरिंग बघून लगेच सांगेल काय चुकतंय. महागडं बाहेरून आणलेलं मशीन दोन वर्षांत बंद पडतं कारण ते दुरुस्त करणारा गावात नसतो, गावातल्यांनीच बांधलेलं असलं तर दुरुस्त करणारा हाकेच्या अंतरावर असतो.

सध्या आमच्याकडे बारक्या पोरांच्या पायांचं काम चाललंय. सात-आठ वर्षांच्या मुलांचे पाय पेडलला पोचत नाहीत, सीट पुढे आणता येत नाही, म्हणून पेडलवर चढवायचे लाकडी ठोकळे करतोय, एका हाताने बसतील आणि निघतील असे, आणि त्याच्यावर कोणी उभं राहिलं तर खालची फ्रेम वजन घेईल असे. पहिला नमुना बसला नीट, दुसरा अजून हलतो.

सेन्सरच्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग, वायरिंगचा तक्ता, स्प्रिंगची मापं आणि शुक्रवारची चेकलिस्ट हे सगळं मी मराठीत करून ठेवलंय. कुठल्या शाळेला, कॉलेजला, म्युझियमला हवं असेल तर सांगा, फुकट पाठवते, आणि भारतात येईन तेव्हा ओझर-नाशिक-पुण्याच्या टप्प्यात असाल तर स्वतः येऊन बसेन तुमच्याबरोबर. फक्त वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवायची.